आहेराच्या रांगेतली माणसं

मोरूदादा, तुझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ मी शेवटी लावलं. राग आला असेल तर ये आणि ओरड माझ्यावर. इतकी वर्षं मी सांगत होते, अरे, बॅटरी मेली की त्याची तारीख उडते, दोन मिनिटं दे, नीट लावून टाक. तू म्हणायचास, "लग्नाची तारीख पत्रिकेवर असते गो सुजे. कॅमेऱ्याला कशाला पायजे?" आता तुझ्या त्या हट्टाचे भोग मी भोगते आहे. कॉम्प्युटरला सांगितलं की फोटो तारखेप्रमाणे लाव, तर तो बिचारा काय लावणार? त्याच्या मते मुरबाड आणि शहापूर तालुक्यातली झाडून सगळी लग्नं एकाच एक जानेवारीला लागली. टोकावड्याची नवरी, सरळगावचा नवरा, डोळखांबकडच्या पाड्यावरची वरात, सगळे एकाच मुहूर्तावर. मला हसू आलं. हे सांगायला म्हणून मी मागे वळले आणि तुझी खुर्ची रिकामी दिसली. मग मात्र मी खूप रडले.

तू भादव्यात गेलास. आता भातं पिवळी झाली आहेत, खाचरांत कापणी लागली आहे आणि मी रोज सकाळी किन्हवलीहून जीप पकडून मुरबाडला स्टँडमागच्या तुझ्या स्टुडिओत येऊन बसते. किल्ली वहिनीने दिली. दहावा झाल्यावर तिने ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुजं काय ते तू बघ बाय. मला त्या खोलीत पाय ठेववत नाय." एवढंच बोलली आणि आत चहा ठेवायला गेली. तुझ्या बायकोला रडायलासुद्धा चुलीचा आडोसा लागतो, हे तुला माहीतच आहे.

तुझ्या नितीनला मी नावं ठेवणार नाही. पोरगा सरळ आहे. बदलापूरच्या कंपनीत पाळ्या करतो, दमून येतो. खोलीच्या मालकाला खोली परत हवी आहे आणि कॉम्प्युटरला कल्याणचं कुणी गिऱ्हाईक मिळालं आहे. डिस्क पुसून त्याच्याबरोबरच द्यायच्या, असं नितीनचं चाललं होतं. मी कडाडले. तर तो शांतपणे म्हणाला, "आत्या, बाबा होते तवर गोष्ट वेगळी होती. कोनी आलं की ते डोकं खाजवायचे, कोनाचा कोन ते दोनदा इचारायचे आनि बरोबर डिस्क काढायचे. आता उद्या कोनी फोटो मागितला तर तुला तरी सापडंल काय? सापडत नाय ते असून नसून सारखंच."

पोरगा खरं बोलत होता, दादा. कपाटात डिस्कांची चळत आहे आणि त्या प्रत्येकीवर तुझ्या हातची चिकटपट्टी. काय लिहिलंयस त्यावर? "बाळूचं." "बाळूच्या भावाचं." "पाऊस आलेलं." "जेवण कमी पडलेलं." ही काय नावं झाली? तुझ्या डोक्यात सगळं चोख होतं, आणि ते डोकं तू बरोबर घेऊन गेलास.

तरी मी नितीनला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. तोवर जो कुणी येईल त्याला त्याचा फोटो मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर मीच माझ्या हाताने डिस्क पुसून देते. पैज लावून बसले आणि मग डिस्क उघडल्या. आंधळ्या माणसाने वीट लागेल तशी भिंत चाचपावी, तशी पहिले काही दिवस नुसती चाचपत होते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, दुसऱ्याच्या लग्नाचे जुने फोटो मागायला कोण येतं. तुला मला ठाऊक आहे कोण येतं. आपल्याकडची म्हातारी माणसं कधी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेत नाहीत. आधारकार्डावरचा तो घाबरलेला चेहरा सोडला तर त्यांचा म्हणून फोटोच नसतो. मग माणूस जातं, दहावा जवळ येतो, भिंतीवर लावायला काही हवं म्हणून घरचे तुझ्या दारात उभे राहतात. "आमची आजी सापडंल का? तुकारामच्या लग्नाला होती." ती असते. मांडवाच्या खांबाला टेकून, कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी, पण असते.

आणि सगळ्यात जास्त ती असते आहेराच्या रांगेत.

आठवतं, या रांगेवरून आपण किती भांडलो? मी नवी नवी तुझ्याबरोबर यायला लागले होते. तू मला घेतलंस ते बायकांसाठी. "मी हळदीत शिरलो की बायका देवळातल्या मूर्त्यांसारख्या बसतात. तू जा, तुला बघून हसतील." मी गेले, त्या हसल्या, आणि माझे फोटो चांगले यायला लागले. मग मला शिंगं फुटली. मला वाटायचं, फोटो म्हणजे नवरीच्या हातावरची ओली हळद, करवल्यांची कुजबुज, पोराच्या तोंडावरची जिलेबी. आणि तू मला उभं करायचास कुठे? स्टेजसमोर. नवरा-नवरी मधे, आणि एकेक पाव्हणा चढतोय, साडीचं पाकीट नाहीतर टॉवेल-टोपी हातात देतोय, कॅमेऱ्याकडे बघतोय, उतरतोय. पुढचा. पुढचा. पुढचा. उन्हाने पत्रे तापलेले, डोक्यावरचा पंखा गरम वारा फेकतोय, नवरा घामाने भिजलाय आणि रांग काही संपत नाही.

मी म्हणाले, दादा, हे फोटो कुणी बघत नाही. अल्बममध्ये फार तर चार जातात. बाकीचे मी उडवते, निदान डिस्कवर जागा होईल.

तू चहाची बशी खाली ठेवलीस. सरळगावच्या नाक्यावर होतो आपण. म्हणालास, "एक बी उडवायचा नाय. बाकी लग्नात मानूस कामात असतो, खात असतो, भांडत असतो. कॅमेऱ्याकडं तोंड करून, कपडे झटकून, सरळ उभा राहतो तो फक्त आहेराला. त्याला म्हायती असतं, आपला फोटो निघनार. त्याच्यासाठी तो टोपी सरळ करतो. तू ती उडवनार?"

मी म्हणाले, भावनेने डिस्क मोठी होत नाही.

तू म्हणालास, "मंग नवी घेऊ."

झालं. तुझा वाद असा संपायचा. नवी डिस्क यायची आणि पुढच्या लग्नात मी पुन्हा त्या स्टेजसमोर उभी.

दोन आठवड्यांपूर्वी मी तो प्रोग्राम लावला, सारखे सारखे फोटो हुडकून काढणारा. मोठ्या आशेने लावला. म्हटलं, डुप्लिकेट जरी गेले तरी अर्धा डोंगर हलका होईल. त्याने घुरघुर केली आणि यादी समोर टाकली. दादा, त्याने काय पकडलं असेल? आहेराच्या सगळ्या रांगा! त्याचंही बरोबर आहे. तोच पडदा, तीच नवरी, तोच नवरा, तीच खुर्ची, तोच हार. बदलतो तो कडेचा एक माणूस. कॉम्प्युटरच्या हिशेबी तो माणूस म्हणजे किरकोळ फरक. खाली लाल बटण होतं, 'सगळे पुसा'. माझं बोट माऊसवर होतं आणि पडद्यावर एक म्हातारा टोपी सरळ करत होता.

मी प्रोग्राम बंद केला. आणि तिथेच मला सुचलं, जे तुला न सुचताच कळत होतं. नवरा-नवरी तीच आहेत म्हणजे लग्न तेच आहे. तारीख उडाली तर उडाली. एका जोडप्याची रांग एकत्र केली की एक लग्न सापडलं. आणि एका लग्नाची रांग म्हणजे त्या गावची सगळी माणसं, एकामागून एक, समोरून, उजेडात, चेहरा स्पष्ट. आधी रांगा लावायच्या, रांगेतल्या माणसांना नावं द्यायची आणि मग बाकीचे फोटो त्या चेहऱ्यांवरून जुळवायचे. मी भिंत चाचपत होते आणि दार तू कधीच करून ठेवलं होतंस. त्या दिवसापासून माझा हात चालायला लागला. टोकावड्याच्या जवळजवळ सगळ्या रांगा लागल्या. किन्हवलीच्या लागल्या. डोळखांबच्या बाकी आहेत, पण होतील. कमरेचा काटा ढिला झालाय, डोळ्यांतून पाणी येतं, तरी मी उठत नाही. रांगेच्या बाबतीत तू जिंकलास. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं रे. निदान एकदा तुझा तो विजयी चेहरा बघायचा होता.

पण सगळ्यात तू जिंकला नाहीस हां. दुसरं भांडण अजून बाकी आहे आपलं.

तुझं ते फोटो सुधारणं. आलेला प्रत्येक मेलेला माणूस तू गोरा करायचास. सुरकुत्या पुसायचास, मागे निळं आभाळ लावायचास, ज्याने उभ्या जन्मात बंडी सोडून काही घातलं नाही त्याला कोट चढवायचास. मी कपाळावर हात मारून घ्यायची. म्हसा गावाच्या बाजूच्या त्या बाबांचा एक डोळा अधू होता, तर तू चांगला डोळा उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवलास. झकास जमलं म्हणून मिशीत हसत होतास. त्यांची म्हातारी फोटो घ्यायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "डोळा बरा झाला. पन ह्यांना तीळ एकच व्हता. ह्यो दुसरा कोनाचा?" डोळ्याबरोबर तीळही आला होता! आपण दोघं तिच्यासमोर ओठ चावून उभे होतो, आणि ती गेल्यावर असे हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला.

त्या दिवशी मी तुला नीट विचारलं होतं. का करतोस असं? खोटं नाही का हे? तू मान हलवलीस. "खोटं नाय गो. मानूस गेला की आपन त्याला आंघोळ घालतो का नाय? नवं कापड नेसवतो का नाय? तसाच मळका कोनी उचलतो काय? ही त्याची आंघोळ. आता तो भितीवर कायमचा बसनार."

मी म्हणाले, आंघोळ घाल, पण आंघोळीने माणूस गोरा होत नाही.

तू काहीतरी बोलणार होतास. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. नंतर एकदा फोनवर मी पुन्हा तोच विषय काढला, तर म्हणालास, "तू ये, समोर बसून दाखवतो तुला." मी म्हटलं, गौरी-गणपती होऊ देत, मग येते. गणपती झाले. मी आले ती तुझ्या मैताला.

आणि दहाव्याला तुझा फोटो पाहिला. घाईत कुणीतरी कुठून तरी करून आणला होता. गोरापान, गाल गुळगुळीत, अंगात निळा कोट, मागे ढग. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच वेळी पोटातून हसू यायला लागलं, कारण तुझीच विद्या तुझ्यावर उलटली होती. मी वहिनीकडे बघायचं टाळत होते. तर वहिनीने हार घालताना हात थांबवला, फोटोकडे बघितलं आणि नितीनला म्हणाली, "ह्यो कोन पावना आनून बसवलास रे?" सगळे खाली माना घालून बसले. तुझी आंघोळ जरा जास्तच झाली होती, दादा.

आता यमुनाबाईची गोष्ट सांगते. त्यासाठीच तर हे लिहायला बसले आहे.

ती डोळखांबच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरून आली, काल. कापणी टाकून आली होती, पायाला खाचरातला चिखल तसाच. त्याच दुपारी नितीनही सुट्टी काढून आला होता, कॉम्प्युटरच्या गिऱ्हाइकाला किती वाजता बोलवू ते विचारायला. यमुनाबाई दारातच थबकली. "मोरूदादा नायत?" मी सांगितलं. ती पायरीवर बसली. म्हणाली, "आमची सासू गेली. धवलारीन होती. मोरूदादांनी लय फोटो काढलेत तिचे. तुमाला गावतील काय?"

नितीनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बसा. गावतील.

धवलारीण तर सापडायला सोपी, असं मला वाटलं. हळदीपासून अक्षतांपर्यंत देवांना गाऊन बोलावणारी ती, तिच्याशिवाय आपल्याकडचं लग्न लागायचं कुठे? आणि ती सापडलीही, पण प्रत्येक फोटोत गाताना. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान एका अंगाला. दरवेळी तोंडाचा आकार वेगळा म्हणून चेहरे जुळवताना कॉम्प्युटरने तिच्या कितीतरी वेगवेगळ्या बाया केल्या होत्या. त्यातला एक फोटो तर मी बघतच राहिले. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आसपासच्या सगळ्या बायका तिच्याकडे बघताहेत. मी यमुनाबाईला म्हटलं, हा घ्या. असा फोटो कुणाकडे नसेल.

ती आधी हसली. मग मान हलवली. "हा नको. दात पडले तवापासनं ती चारचौघांत पदराआड बोलायची. गाताना तेवढं भान नसायचं तिला. हा भितीवर लावला तं वरनं शिव्या घालंल."

मी म्हटलं, "पण यमुनाबाई, हीच तर खरी आहे ना? गाणारी."

"तुमाला खरी. आमाला घरात रोज बघायचीय."

मनातल्या मनात तू बशी खाली ठेवून हसलास, ते मला ऐकू आलं.

मग मी विचारलं, ती कधी स्टेजवर चढली होती का? यमुनाबाई म्हणाली, धवलारीण कशाला चढेल, तिची जागा खाली. मग तिला आठवलं. टोकावड्याला तिच्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा म्हातारीला साडी देऊन मान केला होता. मांडव कसला होता, ते तिला आठवलं. जांभळा, आणि नवऱ्याच्या फेट्याचा तुरा मोडलेला. दादा, ती रांग लावलेली होती! मोडका तुरा मी कशी विसरेन, तो फोटो लावताना त्या तुऱ्याला तू तेव्हा हासडलेली शिवी मला पुन्हा ऐकू आली होती. मी रांग उघडली आणि एकेक माणूस पुढे सरकवत गेले. यमुनाबाई पुढे झुकली. "ह्यो आमचा मामसासरा, वारला. ही सखू, हिला मुंबईला दिली. ह्यो ह्या सालीच गेला गो, पोरं ल्हान हायत." ती नावं घेत होती आणि मी लिहीत होते. नितीन उभा होता, तो कधी माझ्या मागे स्टूल ओढून बसला, मला कळलं नाही.

आणि म्हातारी आली. साडीचं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. डोक्यावर पदर, तोंड मिटलेलं, नजर थेट कॅमेऱ्यात. म्हणजे तुझ्याकडे, त्या दिवशी रांग तूच काढत होतास. फक्त चेहरा काळोखात बुडालेला. तुझा फ्लॅश नवऱ्याच्या पांढऱ्या शेरवानीवर वाया गेला होता.

यमुनाबाईने पदराने नाक पुसलं. "हीच. जरा उजळ करा."

घे. तोच शब्द. ज्याने आपल्याला इतकी वर्षं भांडायला लावलं, तो. गिऱ्हाईक म्हणायचं उजळ करा, तू ऐकायचास गोरा करा, आणि मी चिडायची. मी मागे वळून तिला विचारलं, "उजळ म्हणजे गोरी करू का?"

"गोरी करून कोनाला दाखवायचीय? दिसली पायजे."

ऐकलंस, दादा?

मी कामाला लागले. गुळगुळीत करायचं तुझं लाडकं बटण होतं, त्याला हात लावला नाही. फक्त चेहऱ्यावरचा काळोख थोडा थोडा उचलत गेले. आधी नाकाचा शेंडा आला. मग गालाची हाडं. मग कपाळ, आणि कपाळावर बारीक हिरवट ठिपके. "गोंदन आलं!" यमुनाबाई ओरडली. तुझ्या बटणाने ते डाग म्हणून पुसून टाकलं असतं. पण मी सगळं जसंच्या तसंही ठेवलं नाही. कडेने नवऱ्याचा घामट हात घुसला होता, तो काढला. डोक्यामागून प्लास्टिकची खुर्ची उगवली होती, ती काढली. पदरावर कसलातरी डाग पडला होता, तोही धुतला. माझ्या हाताने म्हातारीची आंघोळ झाली. गोरी झाली नाही, पण आंघोळ झाली. आपण दोघं अर्धे अर्धे बरोबर होतो, असं म्हणून तेवढ्यापुरतं मिटवायला मी तयार होते.

नितीनने न सांगता प्रिंटरला कागद लावला. फोन वाजला, बहुतेक कल्याणवाल्याचा. तो बाहेर जाऊन काहीतरी बोलला आणि परत आला. म्हणाला, "त्याला सांगितलं, कॉम्प्युटर द्यायचा नाय. खोलीच्या मालकाशी मी बोलतो." मी छापून आलेला फोटो यमुनाबाईच्या हातात दिला.

यमुनाबाईने फोटो पिशवीत घातला, उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "माजा बी काढा."

नितीन म्हणाला, "आता? कसला?"

"भितीवरचा."

"काकी, काय पन बोलता! जित्या मानसाचा भितीवरचा फोटो काढतात काय कोनी?"

"मंग कवा काढतात? मेल्यावर?" ती माझ्याकडे वळली. "आता आपन दोगी बसून भांडलो ना, सासूचं तोंड उघडं का मिटलेलं? तुमाला ते पसंत, मला हे पसंत. तिला कोनी इचारलं? मला इचारून करा. मी हाय तवर."

मी कॅमेरा हातात घेतला. आपण दोघं कोट, ढग, गोरेपणा, सुरकुत्या यांवरून नाक्यानाक्यावर भांडलो, दादा. तू म्हणायचास मला कळतं, मी म्हणायची मला कळतं. ज्याचा चेहरा होता तो फोटो निघाला तेव्हा मांडवात, आणि नंतर कितीतरी दिवस घरी, खाचरात जिवंत होता. एकदाही आपण त्याला जाऊन विचारलं नाही. वाद आपल्या दोघांचा नव्हताच, ही साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली नाही. कापणी झाली की मी हा कॉम्प्युटर जीपमध्ये घालणार आहे. पाड्यापाड्यांवर जाणार आहे. समाजमंदिरात नाहीतर कुणाच्या ओटीवर बसून रांगा दाखवणार आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना म्हणणार आहे, यातला तुम्ही कुठला ते सांगा आणि कसा हवा तेही सांगा. लोक अपशकुन म्हणतील, म्हणू देत. कमरेचं बघता येईल. वहिनीलाही नेणार आहे. आधी कुरकुर करेल, पण येईल. तू असतास तर पहिला डबा तूच भरून घेतला असतास, आणि माझ्याआधी जीपमध्ये चढून बसला असतास. हे काम आपण बरोबर करायला हवं होतं, याचा मला राग येतो. तुझ्यावरच येतो. तरी मी करणार.

यमुनाबाई स्टुडिओच्या कापडी पडद्यासमोर उभी राहिली. पायाचा चिखल दिसेल म्हणून मी म्हटलं, फोटो कमरेपर्यंतच घेते. ती म्हणाली, तरी पुसते, आणि पदराच्या टोकाने पाय पुसून मग सरळ उभी राहिली. मी फोटो काढला. कॉम्प्युटरवर घेतला. नितीनने आपलं स्टूल सोडून तिला ते पुढे ओढून दिलं, आणि ती स्वतःच्या चेहऱ्यासमोर, नाक काचेला लागेल इतक्या जवळ जाऊन बसली.

"हे केस पांढरे राहू द्या. ह्यो भाजल्याचा डाग चुलीचा हाय, तो काढू नका, पोरं तेच्यावरनं वळखतील. कुकू सरळ करा. आनि डोळ्याखाली काळं जरा कमी. लय नाय. कापनीचं जागरन हाय ते, ते काय माजं नाय."

मी तेवढंच केलं. प्रत्येक वेळी हात थांबवला आणि विचारलं. तिने मान डोलावली की मग पुढे गेले.

फाईल जपून ठेवायची वेळ आली. माऊस माझ्या हातात होता, पण कीबोर्ड नितीनने आपल्याकडे ओढला. "काकी, नाव काय टाकू?"

"यमुना टाक. सासूच्या शेजारी ठेव." ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "आनि खाली लिव, इचारून केलाय."

नितीनने तसंच लिहिलं.